जुन्या घराचं काम काढलंय, आर्किटेक्टची फी टक्क्यांत का द्यायची?

गच्चीवाला
कोथरूडमधला आमचा फ्लॅट १९९४ चा, कार्पेट ७८० फूट. दोन्ही बाथरूम, किचन, फरशी, वायरिंग, थोडं फर्निचर असं काम आहे, अंदाज १८ लाख. तीन आर्किटेक्ट गाठले. पहिले म्हणतात कामाच्या १० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. वर १८ टक्के जीएसटी धरला की २ लाख १२ हजार ४००. दुसऱ्या बाईंचा हिशेब फुटावर, २५० रुपये. तिसरे ठोक सव्वा लाख, आठ व्हिजिट.

माझी तक्रार पहिल्या पद्धतीबद्दल आहे. घरभर ६० रुपयांची व्हिट्रिफाइड टाकली काय नि ३५० चा इटालियन मार्बल टाकला काय, ड्रॉइंग तेच. ७०० फुटांत २ लाख ३ हजारांचा फरक, त्यावर यांचे २० हजार ३०० वाढले. पैसा माझा, हौस माझी, बक्षीस यांना?

रेघोट्या
२२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलतो. ड्रॉइंग तेच कसं? इटालियनचे स्लॅब नंबर घालून आधी कोरडे मांडावे लागतात, शिरा जुळवाव्या लागतात, पॉलिशच्या वेळी उभं राहावं लागतं. टक्केवारी आम्ही हवेतून आणलेली नाही, वास्तुकला परिषदेचं मानधनाचं कोष्टकही खर्चाच्या टक्क्यांवरच आहे.

शिवाय जुनं घर नव्यापेक्षा किचकट. बिल्डरचा नकाशा एक सांगतो, भिंत दुसरंच. बाथरूमची फरशी उखडली की खाली भिजलेला कोबा निघतो, सडलेला जस्ती पाइप निघतो, खालच्यांच्या छताला ओल असतेच. मग ड्रॉइंग पुन्हा करायचं. फुटाच्या दरात हे कुठं बसवू?

पैपै
साहेब, हा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. पाइप बदलायला वीस हजार लागले तर तुमचे दोन हजार. म्हणजे डोकं लागतं तिथं चिल्लर, आणि मी दुकानात बोट दाखवतो तिथं घबाड! आमच्याकडे तर एसी, चिमनी, फ्रिज सगळं खर्चात धरलं होतं. फ्रिजचं कसलं डिझाइन?

रेघोट्या
फ्रिज धरणं चूकच. कशावर टक्के आणि कशावर नाही, हे आधी लिहून घ्यायचं असतं.

ठाणेकर काकू
ठोक रकमेच्या फार प्रेमात पडू नका. आमच्या व्हिजिट संपल्या तेव्हा ओटा व्हायचा होता. पुढच्या भेटीचे पैसे वेगळे म्हणाले. आमचे हे म्हणाले, नको, आपणच बघू. ओटा ३६ इंचांवर बसला. मी पाच फूटसुद्धा नाही. आता भाकरी थापताना पाटावर उभी राहते.

वीटवाळू
मी काँट्रॅक्टर आहे. फी द्यायचीच कशाला? मी ड्रॉइंग फुकट देतो, थ्रीडीसकट.

पैपै
फुकट नसतं हो ते, तुमच्या रेटमध्ये मुरलेलं असतं.

वीटवाळू
असतं ना. आणि काही आर्किटेक्ट प्लायवाल्याकडून कमिशन घेतात ते? तेही शेवटी गिऱ्हाईकाच्याच बिलात. टक्के वरून, टक्के खालूनही.

रेघोट्या
काही घेतात, नाकारत नाही. ‘घेणार नाही’ असं करारात लिहून मागा, जो कां कूं करेल त्याला सोडा. पण वीटवाळू, किचनची भिंत पाडायची तर सोसायटीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र कोण आणून देणार?

वीटवाळू
साडेचार इंची पार्टिशन असते हो. त्याला कशाला पत्र?

रेघोट्या
तिच्यातून बीमकडे काय जातंय ते पाहिलंत?

वीटवाळू
पाडल्यावर दिसतंच की.

गच्चीवाला
तुमचं वाचून पहिल्यांना विचारलं: फी आजच्या अंदाजावर गोठवा, मार्बल टाकू नाहीतर शहाबादी, रक्कम बदलायची नाही. पाइपबिइप निघाला तर त्याचे पैसे वेगळे देईन. म्हणाले, चालेल, पण मग १२ टक्क्यांवर गोठवू. म्हणजे २ लाख १६ हजार, अधिक जीएसटी. बायको म्हणते द्या, मी अजून अडून बसलोय.

काकू, एक विचारायचं राहिलं. ओट्याच्या उंचीचं ड्रॉइंगच मिळालं नव्हतं का?

ठाणेकर काकू
मिळालं होतं की. त्यावर ३२ लिहिलं होतं. मिस्त्रीनं उघडलं नाही, आम्हीही नाही.