'आल्टरपीस'ला मराठीत काय म्हणावं?

व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकावरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथे मुख्य वेदीमागे 'पाला द'ओरो' ही आल्टरपीस (चर्चच्या वेदीमागे असते ती सजावट) उभी आहे: तीन मीटरहून जास्त रुंद, सुमारे दोन मीटर उंच, सोनं, मीनाकारी आणि जवळपास दोन हजार रत्नं. 'सोन्याची प्रभावळ' असं लिहून पाहिलं, पण खटकतंय. नुसतं 'पाला' लिहिलं तर कडुनिंबाचा पाला आठवतो. शिवाय ही वस्तू एका दमात झालेली नाही, जुने तुकडे बसवत वाढली आहे. मग 'घडवली' म्हणू, 'जोडली' म्हणू की आणखी काही?

प्रतिसाद:
ताई, प्रभावळ नकोच. प्रभावळ मूर्तीची असते, मूर्ती उचलली की तिला अर्थ उरत नाही. इथे पुढे मूर्ती नाही, येशू, देवदूत, संत सगळे त्या फलकातच आहेत. 'मखर'ही नको, ते उत्सवापुरतं. आल्टरपीसलाच 'रेटेबल'ही म्हणतात, आणि हा शब्द लॅटिनमधल्या 'मागे' आणि 'फळा' या दोन शब्दांतून आला आहे. म्हणून 'वेदीमागचा फलक' अगदी चपखल बसतो. मराठी बायबलमध्ये 'वेदी' रुळलेलाच आहे. गोव्यात 'आल्तार' म्हणतात, आणि तिथल्या चर्चमधल्या सोनेरी मुलाम्याच्या लाकडी फलकांना पोर्तुगीजमधून आलेलं 'रेताबुल' हे नाव आहे. गोव्याबद्दल लिहिताना तेच वापरावं, व्हेनिसला लावू नये. एकदा 'पाला द'ओरो' पूर्ण लिहून पुढे 'फलक' म्हणा.

प्रतिसाद:
नावाबद्दल थोडी भर. 'पाला द'ओरो'चा अर्थ 'सोन्याचं वस्त्र' असा सांगतात. आणि या वस्त्राला रोजचं आवरणही होतं! 1345 मध्ये पाओलो व्हेनेत्सियानो आणि त्याच्या मुलांनी रंगवलेला लाकडी फलक एरवी तिच्यावर झाकलेला असे, सणाला तो उघडत. त्याचं नाव 'पाला फेरियाले'. याला 'रोजची पाला' म्हणावं, दुसरं काही शोधत बसू नये.

क्रियापदाचं उत्तर मात्र फलकावरच कोरलेलं आहे. त्यावरच्या लॅटिन लेखात तीन सालं आणि तीन क्रिया आहेत. 1105, दोजे (व्हेनिसचा शासक) ओर्देलाफो फालिएर: 'नवी केली'. 1209, पिएत्रो झियानी: 'नूतन केली'. 1345, आंद्रेआ दांदोलो: 'ही जुनी पाला' रत्नांनी पुन्हा नवी झाली. आपल्याकडे याला सरळ 'जीर्णोद्धार' म्हणतील.

प्रश्नकर्ती:
'जीर्णोद्धार' फारच आवडला. तोच घेते.

प्रतिसाद:
जरा थांबा. जीर्णोद्धारात आपलंच जुनं आपण सावरतो. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या (क्रुसेडच्या) फौजेने कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटलं, आणि त्यात व्हेनिसचा मोठा वाटा होता. पालाच्या वरच्या रांगेत मधोमध देवदूत मायकल आणि दोन्ही बाजूंना ख्रिस्ती सणांचे सहा प्रसंग आहेत, ते सात मोठे मीनापत्रे त्याच शहरातून आले असं मानलं जातं. 'जीर्णोद्धार' लिहिलं की ही लूट झाकली जाते.

'मोडून घडवली' तर त्याहून चूक. सोनार मोड घेतो ती आटवायला. या मीनाकारीत सोन्याच्या पत्र्यावर केसासारख्या बारीक पट्ट्या उभ्या बसवतात, मधल्या खणांत काचेची पूड भरून भट्टीत भाजतात. ती आटवली तर सोनं उरेल, मायकल उरणार नाही. म्हणून जुनं जसंच्या तसं ठेवून त्याभोवतीची चौकट बदलावी लागली. आज दिसते ती चौकट दांदोलोच्या काळात बोनिन्सेन्या या सोनाराने केली.

सोनारकामात यासाठी शब्द आहे: कोंदण. खडा तोच, कोंदण नवं. 'जुन्या मीनापत्र्यांना 1345 मध्ये नवं कोंदण मिळालं' असं लिहा, आणि त्याच्या आधीच्या वाक्यात 1204 येऊ द्या.

प्रश्नकर्ती:
कोंदण! हेच हवं होतं. 1204 चं वाक्य आधी घालते.