इंग्रजीचे मार्क : घरचा पैसा की आईबापांचं लक्ष? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

अशोक चौकाजवळ मी दहावीच्या इंग्रजीची शिकवणी घेतो. पहिल्या दिवशी पोरांना एकच विचारतो, घरी अभ्यासाला जवळ कोण बसतं? उत्तरावरून निम्मा अंदाज येतो. उरलेला निम्मा चपलांवरून, हे बोलायला बरं वाटत नाही. ऐकीव नको, आपापलं लिहा.

विडीवालीची लेक
घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजी पहिलीपासून आली २००० मध्ये. आम्ही त्याआधीच्या, पाचवीत एबीसीडी. आई दिवसाला हजार विड्या वळायची. तिच्या मांडीवर सूप, समोर मी. तिला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. पण मी थांबले की हात न थांबवता म्हणायची, "चदुवु." वाच. अडखळलेलं तिला आवाजावरून कळायचं, मग तीच ओळ परत. चुकीचं पण धडाधड वाचून मी तिला कितीदा तरी फसवलंय. दहावीला इंग्रजीत ७१ पडले.

धाकटीच्या वेळी वडिलांचा माग बंद पडला. हजारानं भागेना. धाकटीच्या हातात कातर आली, शाळेतून आली की पानं कापायला बसायची. तिला ३८. आई तीच, सूप तेच. मला "परिस्थितीवर मात" म्हणून सत्काराला बोलावतात तेव्हा मी काहीतरी कारण सांगते.

टॉवेलवाला, जुळे सोलापूर
पैशाची अडचण नाही. इंग्लिश मीडियम, दोन शिकवण्या, टॅब. पोरगं पाहुण्यांपुढं फाडफाड बोलतं. पाच ओळींचं पत्र लिहायला सांगा, इज आणि आरचा नुसता काला. रात्री कारखान्यातून येतो तेव्हा तो झोपलेला असतो. फी भरली की लक्ष दिलं, असंच धरून चाललो होतो.

रिक्षावाला बाप
आरटीईच्या २५ टक्क्यांत लेकीचा नंबर लागला, फी माफ. पण डायरीतले निरोप इंग्रजीत. शेजारच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यायचो. एकदा तो गावाला गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आंबा, गुलाब, फुलपाखरू होऊन आलेली, आमची एकटी युनिफॉर्ममध्ये. तेव्हापासून मिसेस मीटिंगला जायला तयार नाही. "तिथं मी काय बोलू हो?"

झेडपीचा गुरुजी, माढा
आमच्याच तालुक्यात परितेवाडी. तिथल्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून गावोगावचे पालक त्यांच्यासारखे पुस्तकात मोबाईलनं स्कॅन करायचे क्यूआर कोड मागतात. आम्हीपण दिले. पण घरात मोबाईल एकच, तो बापाच्या खिशात, बाप उसाच्या फडात. मोबाईल घरी येईस्तोवर चार्जिंग आणि पोरगी, दोघंही संपलेले.

पस्तीसवाला
वडील हेडमास्तर, पगार चांगला, लक्ष तर इतकं की रोज छडी. इंग्रजीत बरोब्बर ३५. मला कुठल्या खान्यात टाकताय बघा.

शिकवणीवाला
विडीवालीची लेक, तुमची धाकटी आता काय करते?

विडीवालीची लेक
शिलाईकाम. तिची मुलगी सहावीत आहे. मी म्हटलं, पाठव माझ्याकडं, इंग्रजी घेते. पाठवत नाही. संध्याकाळी मशीन बंद करून स्वतःच शेजारी बसते.