दुधाशिवाय दाटसर सूप: तुमच्या घरी कसं जमलं?

माझी लेक नऊ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असल्याचं निदान झालं आणि दूध, दही, लोणी, पनीर सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं. चहा-पोळीचं निभावलं, सणाच्या गोडाचंही निभावलं. अडलं ते सूपपाशी. डिसेंबर लागला की दादर स्टेशनबाहेरच्या बाजारात मटाराचे ढीग लागतात, लाल गाजरं येतात, आणि आमच्याकडे रात्री सूप ठरलेलं. वरून साय घातलेलं, चमच्यावरून सावकाश उतरणारं.

नाताळच्या सुट्टीत नणंदेकडे सगळे जमलो होतो. बाकीच्या मुलांना क्रीम घातलेलं सूप आणि हिला बाजूला काढून ठेवलेलं भाज्यांचं पाणी. वहिनींनी आठवणीने वेगळं काढलं होतं, त्यांची काहीच चूक नाही. पण लेकीने चमचा फिरवला आणि मला हळूच विचारलं, "आई, माझंच असं पातळ का?"

घरी येऊन डब्यातलं नारळाचं दूध आणलं, गाजर-टोमॅटोच्या सूपमध्ये ओतलं आणि खळखळून उकळलं. सगळं फाटलं. वर तेल, खाली चोथा. पाककृती वाचून झाल्या आहेत, पण तुमच्या स्वयंपाकघरात काय फसलं आणि मग काय जमलं, ते सविस्तर लिहाल का? घरात सगळ्यांसाठी एकच पातेलं चढावं, एवढीच इच्छा आहे.

गिरगावातून

अगं, नारळाचं दूध कधी उकळू नये. सोलकढी आपण गॅसवर ठेवतो का? तसंच हे. त्यात तू टोमॅटो घातलास, म्हणजे आंबट आणि आच दोन्ही एकदम.

मी सांगते तसं कर. एक नारळ खवून घे. वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढ आणि मलमलच्या फडक्यात पिळ. हे पहिलं दूध, दाट, बोटाला चिकटणारं. ते झाकून बाजूला ठेव. तोच पिळलेला नारळाचा चव पुन्हा दोन वाट्या पाणी घालून वाट आणि पिळ. हे दुसरं दूध पातळ असतं, त्यात लाल भोपळा आणि आल्याचा तुकडा मंद आचेवर शिजू दे. भोपळा डावाने सहज मोडला की घोटून घे. मग गॅस बंद कर, पाच मिनिटं थांब आणि तेव्हा पहिलं दूध घाल, एकाच दिशेने ढवळत. पुन्हा गरम करायची वेळ आली तर नुसती वाफ दिसेपर्यंत. लिंबू हवं असेल तर ज्याच्या त्याच्या वाटीत पिळावं.

भोपळ्याच्या सालीही टाकू नकोस, तीळ घालून चटणी होते.

परळ, केटरिंगचं काम

ताई, आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरमध्ये हल्ली दुधाशिवायचं जेवण मागतात, म्हणून हे हाताखालून गेलेलं आहे. अख्खे काजू घेऊ नका, काजू कणी घ्या. मस्जिद बंदरला सुटी मिळते, स्वस्त पडते आणि वाटायचीच आहे तर तुकड्याने काही बिघडत नाही. चार माणसांच्या सूपला मूठभर कणी, उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवायची. मग आधी अगदी थोड्या पाण्यात वाटायची. सुरुवातीलाच जास्त पाणी घातलंत तर कण पात्यातून निसटतात आणि सूप रवाळ लागतं. गंधासारखं बारीक झालं की मग पातळ करा.

काजू शिजला की घट्ट होत जातो आणि तळाला लागतो. म्हणून शेवटी घालायचा, दोन-तीन मिनिटं बारीक गॅसवर, हात न थांबवता.

मुलीला काजू चालत नसेल तर मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, भिजवून वाटा. तोही पांढराशुभ्र येतो, फक्त ताजा बघून घ्या, जुना असेल तर खवट लागतो.

आणखी एक गोष्ट. सूप मिक्सरमध्ये फिरत असताना दोन चमचे तेल बारीक धारेने सोडा. तेलाचे कण इतके बारीक होतात की सूपचा रंगच उजळतो आणि जिभेला सायीसारखं लागतं. तेच तेल वरून घातलंत तर नुसता तवंग येईल.

घाटकोपरहून

माझं फसलेलं लिहिते. दाटपणासाठी तीन मोठे बटाटे घातले आणि मिक्सर मस्त पाच मिनिटं फिरवला. खळ झाली, चमचा उचलला की तार येत होती. बटाट्याचा स्टार्च जास्त फिरवल्यावर असा चिकट होतो. आता सहा वाट्या सूपला एकच लहान बटाटा घालते आणि तोही हाताने कुस्करून, बाकीचं वाटून झाल्यावर.

मुलुंडहून

आमचा मुलगाही याच वाटेवरून गेला आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती न पचणाऱ्या बऱ्याच मोठ्या माणसांना थोडं दही, तूप चालून जातं. ॲलर्जी प्रथिनांची असते, तिथे "चमचाभर लोण्याने काय होतंय" हे चालत नाही. नातेवाइकांना हा फरक शांतपणे, पण स्पष्ट सांगून ठेवा.

आणि पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नारळाच्या दुधाची पावडर आम्ही निर्धास्त वापरत होतो. मुलाच्या ओठांना सूज आल्यावर पाकीट उलटून पाहिलं तर त्यात सोडियम केसिनेट. ते दुधाचंच प्रथिन. तयार सूपच्या पाकिटांतही मिल्क सॉलिड्स असू शकतात. तेव्हापासून खरेदीला मुलगा बरोबर असतो आणि आधी तोच वाचतो.

अंधेरी, तिघांत एक खोली

आमच्याकडे मिक्सर नाही, एक कुकर आणि गावाहून आणलेली रवी. पाव वाटी मूगडाळ, भोपळ्याच्या दोन फोडी, एक गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, हळद, मीठ. पाच शिट्ट्या. कुकर आपोआप उतरला की रवीने घुसळतो. डाळ पूर्ण विरघळते आणि सूप दाट होतं, वरून मिरपूड. रात्री साडेदहाला लोकलमधून उतरून आल्यावर एवढंच होतं आणि पोटभर होतं.

बोरिवलीहून

सगळ्यांनी वाटा, वाटा लिहिलंय, म्हणून हे आवर्जून. गरम सूप मिक्सरच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरून मी बटण दाबलं आणि झाकण उडालं. आतली वाफ एकदम फुगते, तिला जागाच नसते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, महिनाभर डाग होता. भाजी चाळणीत काढून निवू द्या, शिजवलेलं पाणी वेगळं ठेवा. भांडं अर्ध्याच्या खाली भरा आणि झाकणाची मधली टोपी काढून त्यावर जाड फडकं धरा. मुलं ओट्याजवळ असतील तर तेवढा वेळ त्यांना बाहेर बसवा.

विलेपार्ल्याहून

मी पंचाहत्तरीचा आहे. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्या थंडीत आम्ही भावंडं चुलीशी बसलेली मला स्वच्छ आठवतात. आरेच्या केंद्रावरून कार्डावर दुधाची बाटली यायची, ती चहाला आणि धाकट्याला. आमच्यासाठी आई मुगाचं कढण करायची. मूग मऊ शिजवून, चाळणीवर घोटून, जिरं-लसणाची फोडणी आणि शेवटी ओल्या खोबऱ्याचं वाटण. सूप हा शब्द घरात नव्हता, पण ते दाटच असायचं. तुमच्या मुलीला ते नक्की करून द्या.

माहीमहून

संक्रांतीचे पांढरे तीळ उरतात ना, ते न भाजता भिजवून वाटा. दोन चमचे पुरतात. जास्त झाले तर कडवट लागतं.

चेंबूरहून

बाबांचे खालचे सगळे दात काढले तेव्हाचं लिहितो. नवी कवळी बसेपर्यंत सहा आठवडे काहीच चावता येणार नव्हतं आणि दुधाने त्यांना कायम जुलाब होतात. पहिले चार दिवस त्यांनी पेजेशिवाय कशाला हात लावला नाही. मग फ्लॉवर आणला. तुरे आणि कोवळे दांडे बारीक चिरले, कांदा तेलात पारदर्शक होईपर्यंत परतला, लाल होऊ दिला नाही, नाहीतर रंग जातो. दोन चमचे ओट्स आणि भाजी बुडेल एवढंच पाणी. कुकर लावला नाही, फ्लॉवर जास्त शिजला की त्याला उग्र वास येतो. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. दांडा दोन बोटांत चिरडला गेला की झालं. मग गार करून वाटलं आणि जायफळ किसून घातलं, चिमटीहूनही कमी.

बाबांनी वाटी तोंडाला लावली. अर्धी संपवून म्हणाले, "दूध घातलंस का रे?" आणि वाटी खाली ठेवायला लागले. मी नाही म्हटल्यावर वाटीकडे पाहिलं, पुन्हा उचलली आणि संपवली. मटाराचं करतो तेव्हा मटार उघड्या भांड्यात उकळतो, हिरवा रंग टिकतो. पण बाबा अजूनही फ्लॉवरचंच मागतात, आता कवळी आहे तरी.

पुन्हा मी, दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई-काका, एकेक प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. मुलुंडच्या ताई, घरातली नारळ पावडर लगेच पाहिली. आमच्या पाकिटातही केसिनेट होतं. टाकून दिली.

काल रविवारी चेंबूरच्या दादांचा फ्लॉवर आणि परळच्या दादांची काजू कणी असं एकत्र केलं. काजूची तपासणी आधीच झाली होती, तिला चालतो. सूप निवेपर्यंत धीर धरणं हेच सर्वात कठीण गेलं. वाटताना तेलाची धार सोडली आणि खरोखर, भांड्यातला पिवळट रंग डोळ्यांदेखत पांढरा होत गेला. लेक दारातून बघत होती, "आई, साय आली!" म्हणून ओरडली. एकच पातेलं चढलं. सासूबाईंनी दोनदा घेतलं.

तिला वाटी पावाने पुसून खायची होती. तेवढ्यासाठी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन विचारून आले. मैदा, यीस्ट, मीठ, साखर, तेल, एवढंच म्हणाले, पण मस्का पाव त्याच ट्रेमध्ये ठेवतात. म्हणून आता घरीच लादी लावायची आहे. कुणी दुधाशिवाय पाव केला असेल तर मैद्याला पाणी किती घेता?