मेथडिस्ट चॅपलमधली बाकं काढायची की नाही, हे वारसा सल्लागारांनी का ठरवावं?

चुनागारा:
इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चर्चला (हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे चॅपल) एक सवलत आहे. चॅपल वारसा यादीत असलं, तरी बदलांसाठी कौन्सिलची वारसा परवानगी लागत नाही. चर्चचीच यंत्रणा ती देते. (प्लॅनिंगची परवानगी वेगळी, ती लागते.) त्यासाठी चर्चचा संवर्धन अधिकारी आहे, वास्तुविशारद आणि इतिहासकार असलेली सल्लागार समिती आहे. हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी वारसा संस्था, कौन्सिल, जुन्या इमारतींसाठी झटणारी व्हिक्टोरियन सोसायटी अशांची मतंही मागवतात. या सल्लागारांच्या नावानं लोक बोटं मोडतात, ते मला अजिबात पटत नाही.

मी दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात वेस्ट यॉर्कशरमधल्या एका चॅपलची भिंत पाहिली. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी सांध्यांमधला चुना खरवडून सिमेंट भरलं होतं. सिमेंट अजून जसंच्या तसं, आणि दगडावर नुसतं बोट फिरवलं तरी वाळू हातात येते. भिंतीतली ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडायची. आता ती दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आत गॅलरीखालच्या, म्हणजे वरच्या सज्ज्याखालच्या, ओलीनं कुजलेल्या तुळईच्या टोकात माझा पेचकस मुठीपर्यंत गेला. जाणत्या माणसाला आधी एकदा विचारलं असतं, तर ती तुळई वाचली असती.

खजिनदार_यॉर्कशर:
दादा, भिंतीचं सगळं मान्य. चुन्याला माझा विरोध नाही. बाकांचं बोला.

मी पुण्याच्या मेथडिस्ट घरातली, आता इथल्या एका चॅपलचे हिशेब बघते. रविवारी आम्ही १९ जण असतो, बहुतेक सत्तरी ओलांडलेले. स्वच्छतागृह आवारातल्या जुन्या संडे स्कूलमध्ये, नऊ पायऱ्या उतरून. आम्हाला खालची बाकं काढून खुर्च्या मांडायच्या आहेत आणि मागच्या कोपऱ्यात स्वच्छतागृह हवंय. पहिला अर्ज परत आला: वास्तूचं महत्त्व सांगणारं निवेदन अपुरं! मग पुन्हा आर्किटेक्ट, पुन्हा फी. चौदा महिने झाले. मधल्या काळात आमच्यातल्या दोघीजणी येईनाशा झाल्या, त्या पायऱ्यांमुळे.

आणि ज्या बाकांसाठी हे चाललंय, ती मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला नकोच होती. जागा असेल तिथे प्रार्थनाघर अष्टकोनी बांधा, साधं बांधा, बंदिस्त बाकं नकोत, आसनांना पाठ नको, हे त्याचे नियम. खर्च वाढला की श्रीमंतांवाचून आपलं अडेल, ही त्याची भीती होती. तसंच झालं. आमच्या बाकांच्या दारांवर नंबर आहेत, नावाची चिठ्ठी सरकवायला पितळी चौकट आहे. भाडं भरेल त्याचं बाक. फुकटवाले मागे. हे जपायचं ते नेमकं कशासाठी?

चुनागारा:
ताई, वेस्लीचा मुद्दा खरा आहे. पण तो समितीच्या विरोधात जातो, असं मला वाटत नाही. हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी चॅपल १७६४ चं, आणि १८०२ मध्ये माणसं मावेनात म्हणून मेथडिस्टांनीच ते लांबवलं. बदल हीच या इमारतींची रीत आहे. समितीचा प्रश्न एवढाच असतो की काय काढता, किती काढता आणि दुसरा मार्ग पाहिलात का. गॅलरीतली बाकं ठेवून खालची मोकळी केल्याची उदाहरणं आहेत. चूक होते ती अशी, की मंडळी आधी पूर्ण नकाशे काढतात आणि मग सल्लागाराकडे जातात. कोरा कागद असतानाच त्याला बोलवायला हवं.

खजिनदार_यॉर्कशर:
हे आम्हाला कुणी सांगायचं होतं? विश्वस्त म्हणजे निवृत्त नर्स, बसचालक आणि मी.

शनिवारची_शाळा:
आमची मराठी शाळा अशाच एका चॅपलच्या हॉलमध्ये भरते, म्हणून लिहिते. मी ताईंच्या बाजूची. १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड असे मेथडिस्टांचे तीन उपपंथ एक झाले, आणि एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपल उरली. कितीतरी बंद पडली. कॉर्नवॉलमध्ये जाऊन बघा, गॉथिक खिडकीमागे कुणाचं तरी स्वयंपाकघर. उपासना थांबली की चर्चची सवलतही संपते. मग बाकं राहतील का, हे नव्या मालकानं आणि कौन्सिलनं बघायचं. चुनागारा, माणसं टिकली नाहीत तर तुमची गॅलरी कोण वाचवणार? आणि सल्ल्यासोबत पैसा येत नाही. दुरुस्तीवरचा व्हॅट परत मिळायचा, त्यालाही २०२५-२६ मध्ये एका वास्तूला वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा होती. एका छपराचं काम काढलं की ही रक्कम किती अपुरी पडायची, ते हिशेब ठेवणाऱ्यांना विचारा.

चुनागारा:
पैशाबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तरीही घाईत काढलेली बाकं परत येत नाहीत. ताई, तुमच्या बाकांच्या टोकाला छत्री अडकवायची सोय आहे का? खाली बिडाची छोटी ताटली असते, पाणी निथळायला.

खजिनदार_यॉर्कशर:
आहे. आज जाऊन पाहिलं. नंबर १२ च्या ताटलीत पेपरमिंटचे कागद होते, आणि शेवटच्या रांगेतल्या बाकांना ताटलीच नाही. फुकटवाल्यांच्या छत्रीचं पाणी जमिनीवरच.

संवर्धन अधिकारी पुढच्या आठवड्यात स्वतः येतायत. १२ नंबरचं बाक आणि त्या मागच्यांपैकी एक, अशी दोन शेजारी शेजारी ठेवायला मी तयार आहे. खालच्या बाकीच्यांसाठी मी भांडणार.