सुलिस देवी टिकली
रोमन आले आणि ब्रिटनमधल्या केल्टांचे, म्हणजे तिथल्या जुन्या रहिवाशांचे, देव संपले, असं म्हणतात; ते मला पटत नाही. ड्रुइडांपुरतं, म्हणजे केल्टांच्या पुजाऱ्यांपुरतं, ते खरं आहे. वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरची त्यांची पवित्र वनं रोमन सैन्याने इ.स. ६० च्या सुमारास तोडून टाकली. पण इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या गरम झऱ्यावरची स्थानिक देवी सुलिस कोणी हटवली नाही. रोमनांनी आपल्या मिनर्वा देवीशी नाव जोडून तिचंच देऊळ बांधलं.

त्या झऱ्याच्या कुंडात मजकूर कोरलेले शिशाचे सुमारे १३० पत्रे सापडले, बहुतेक चोरीच्या तक्रारींचे. ब्रुसेरसचा मुलगा डोसिलिआनुस सुलिसला विनवतो: माझा टोपीवाला झगा चोरणारा बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला मरण दे, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप नको, मूलबाळ नको. लिहिलंय लॅटिनमध्ये, गाऱ्हाणं मात्र जुन्याच देवीला! मला तर हे वाचताना तो माणूस समोर उभा राहिल्यासारखा वाटतो.