गोल्फच्या वेजचा बाउन्सही पाहायला हवा
‘गोल्फच्या हौशी खेळाडूने आधी उत्तम ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) घ्यावा, वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) कोणताही चालतो’ हे मत मला पटत नाही. वेजच्या पुढच्या कडेपासून तळाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतची रेषा जमिनीशी जो कोन करते, त्याला बाउन्स म्हणतात, आणि आपल्या नागपुरात तो फार महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात जमीन इतकी टणक होते की माझा 14 अंश बाउन्सचा वेज तिच्यावरून उसळून थेट चेंडूच्या मध्यावर आदळे आणि चेंडू ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) ओलांडून जाई. दोन उन्हाळे मी मनगटालाच दोष देत राहिलो. 8 अंशांचा वेज घेतल्यावर हे फटके पुष्कळ सुधारले. पावसाळ्यात मात्र काळ्या मऊ मातीत तो रुततो, म्हणून खेळताना सोबत नेता येणाऱ्या 14 क्लबांच्या मर्यादेत मी ऋतूप्रमाणे वेज बदलतो.