जांबोटी-कणकुंबीकडं तंबू टाका, पण शेकोटी बंद करा. पटतंय का?

पायवाट_खानापूर
रविवारी आपल्या बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं एका ओढ्याला गेलतो. गेल्या वर्षी कातळ एकदम स्वच्छ होता, आता त्याच्यावर पाच काळे डाग, म्हणजे पाच शेकोट्या, एकीत अर्धवट जळलेले मॅगीचे पुडे नी बाटलीच्या काचा. कातळाच्या कडेला मातीत एक होती तिची राख वरनं गार लागली पण काडीनं उकरली तर खाली अजून धग होती. मार्च महिना, वाळका पाला घोट्यापर्यंत, दुपारचं वारं कसं सुटतंय ते इथल्यांना सांगायला नको. आत भीमगडात तर विषयच नाही, २०११ पासून ते अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथं परवानगीशिवाय शिरणं पण बंद नी आग लावणं पण बंद. मी बोलालोय ते बाहेरच्या ओढ्याकाठाबद्दल, मालकी रानाबद्दल. तिथं पण शेकोटी नकोच असं माझं मत. छोटी गॅस शेगडी न्या, चहा होतोय, भात होतोय.

शहापूरचा_गडी
काय ओ दादा, दरवेळी पोरांच्याच मागं लागताय. आम्ही सहा-सातजण दर थंडीत जातो, लाकडं बेळगावातनं नेतो, निघताना पाणी ओततो, कचरा पोत्यात भरून परत आणतो. रस्त्यासाठी मोठमोठी झाडं पडतात तेव्हा कोण बोलत नाही, आणि आमच्या चार लाकडांवर एवढी चर्चा. आणि गावातली माणसं तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजतातच की, काजूच्या बागेतला पाला जाळतातच की, ती आग नव्हे काय?

कणकुंबीची_लेक
तरव्याचं काढलंत म्हणून लिहिते. आमच्याकडं जागा भाजायची तर आधी चारी बाजूनं पाला ओढून पट्टा मोकळा करतात, वारं पडायची वाट बघतात, घरातली चार माणसं हिरवे डहाळे हातात घेऊन उभी असतात आणि शेवटचा धूर जाईपर्यंत कोण हलत नाही. माझे बाबा तर रात्री परत एकदा कंदील घेऊन बघून यायचे. तुमच्यातलं कोण रात्री उठून बघतंय? गाणी लावून झोपता.

आणि आगीचं एक झालं, पाण्याचं काय? मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगवते, माउलीच्या देवळाजवळ. त्याच पाण्यावर खाली खानापूर आहे, पुढं नविलतीर्थच्या धरणातनं हुबळी-धारवाड पितंय. तिथं वरच्या झऱ्यात शाम्पूनं डोकी धुतात, भांडी घासतात. मागच्या पावसाळ्याआधी आमची एक गाय गेली, पोटातनं प्लास्टिकचा गोळा निघाला. दूध देणारी होती. हे लिहिताना पण हात थांबतो.

शहापूरचा_गडी
ताई, गायीचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पाण्यात साबण आम्ही पण वापरतो, ते चुकतंय, कबूल. पण थंडीत रात्री शेकोटीशिवाय बसायचं कसं हे अजून पटलं नाही.

ओढ्याकाठी
साबण वापरायचाच तर पाणी बादलीत घेऊन ओढ्यापासनं निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब जाऊन मातीत ओता. संडासाला पण तेवढंच लांब, वीतभर खड्डा खणा, माती लोटा, आणि ते ओले वाइप्स पुरू नका, ते कुजत नाहीत, डुकरं उकरून वर काढतात. शेकोटीवर नुसती माती टाकली की विझली असं नव्हे, खाली मुळं धुमसत राहतात. पाणी ओता, काडीनं ढवळा, परत पाणी ओता, मग हात लावून बघा.

पण सरसकट बंदीला माझा विरोध आहे. बंदी घातली की पोरं अजून आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी जातील. त्यापेक्षा गावात कोणाच्या तरी अंगणात, परड्यात तंबू टाका, घरच्यांना पैसे द्या, भाकरी-पिठलं त्यांच्याकडनं घ्या. पैसा गावात राहतो आणि लक्ष ठेवायला माणूस असतो. आणि स्पीकर तेवढा बंद. मे-जूनला काजवे बघायला येतात आणि तंबूभोवती एलईडीच्या माळा लावतात, मग काजवे एकमेकांना दिसणार कसे? त्यांचं जोडी शोधणंच उजेडावर चालतंय.

कणकुंबीची_लेक
अंगणातलं चालेल. आमच्या आईला विचारून सांगते, चार तंबू मावतील.

शहापूरचा_गडी
अंगणात शेकोटी चालत असेल तर माझं भांडण संपलं. तरी रस्त्याच्या झाडांचं बोलणार मी, ते सोडत नाही.

पायवाट_खानापूर
बोला की, मी पण बोलतो तुमच्याबरोबर. घरमालक बसलेला असेल तर अंगणातली शेकोटी मला चालते, ओढ्याकाठची नाही, तिथं मी हटत नाही. ह्या रविवारी तो कातळ साफ करायला जालोय, सकाळी सहाला खानापूर स्टँडवर. पोती आहेत माझ्याकडं.

शहापूरचा_गडी
दोघं येतो.

कणकुंबीची_लेक
काचा आहेत म्हणालात ना, जाड हातमोजे आणा. आणि ती धग होती ती जागा आधी बघा.